पॉवर मीटरचे वॅट पटत नाहीत? आधी चूक कुठल्या जातीची ते ओळखा

पॉवर मीटर म्हणजे पाय सायकलला किती वॅट देतात ते दाखवणारं उपकरण. राइडहून परतल्यावर कुणीतरी फाइल पाठवतं आणि खाली एकच ओळ असते: "मीटर गेला का बघ." गेली काही वर्षं आमच्या ग्रुपमधले असे मीटर तपासायचं काम माझ्याकडे आलं आहे, आणि माझ्या स्वतःच्या सायकलींवरही क्रँकवरचा (पेडल ज्या दांडीला बसतं तिच्यावरचा) आणि पेडलमधला असे दोन्ही प्रकार मी वापरले आहेत. मीटर खरोखर गेलेला क्वचितच निघतो. पण कारण शोधायच्या आधीच लोक सेल बदलतात, स्क्रू फिरवतात, स्केल फॅक्टर (मीटर आपल्या आकड्याला ज्याने गुणतो तो गुणक) बदलतात. मग मूळ चूक कुठली आणि नवी कुठली, हेच कळेनासं होतं. म्हणून हत्याराला हात लावायच्या आधी लक्षण नीट बघा.

लक्षणं

आकडा ठरावीक वॅटनी चुकतो. म्हणजे रमतगमत चालवताना १५ वॅट जास्त आणि जोर लावल्यावरही साधारण तेवढेच जास्त.

आकडा ठरावीक टक्क्यांनी चुकतो. १२० वॅटला ५ चा फरक, २४० ला १० चा.

आकडा थेट अर्धा किंवा दुप्पट दिसतो.

घरातून निघताना बरोबर असतो, अर्ध्या तासाने हळूहळू सरकलेला असतो.

मधेच शून्य होतो, रेघा दिसतात किंवा एकच आकडा काही सेकंद गोठून राहतो.

अचानक उडी मारतो: साध्या रस्त्यावर १,२०० वॅट, कॅडेन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) २२०.

चालवताना सगळं ठीक वाटतं, पण राइडची सरासरी हँडलवरच्या दुसऱ्या सायकल-कॉम्प्युटरशी किंवा ॲपशी जुळत नाही.

पहिल्या दोन लक्षणांतला फरक सगळ्यात उपयोगाचा आहे, म्हणून त्यावर थोडा थांबतो. मीटर वॅट मोजत नाही. धातूला बसलेला ताण चिकटवलेल्या स्ट्रेन गेजमधून मोजतो, त्यावरून टॉर्क (क्रँक फिरवणारा जोर) काढतो आणि त्याला क्रँक फिरण्याच्या वेगाने गुणतो. ९० कॅडेन्सला १ न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे ९.४ वॅट. आता मीटरचा शून्यच १ न्यूटन-मीटरने सरकला असेल, तर ९० कॅडेन्सला तुम्ही १०० वॅट काढा नाहीतर ३००, चूक ९.४ वॅटचीच राहणार. ६० कॅडेन्सला ती ६.३ होईल. एका बाजूचा मीटर असेल तर तो डाव्या पायाचा आकडा दुप्पट करून दाखवतो, त्यामुळे चूकही दुप्पट. याउलट क्रँकची लांबी चुकीची भरली असेल, तर सगळ्याच आकड्यांना तोच गुणक लागतो आणि चूक टक्क्यांत येते.

म्हणून ट्रेनरवर (सायकल घरात जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर) किंवा दुसरा मीटर हाताशी असेल तर त्याच्याबरोबर, एकाच कॅडेन्सला पाच मिनिटं हलक्या जोराने आणि पाच मिनिटं दुप्पट जोराने चालवा. दोन्ही वेळचा फरक लिहून ठेवा. वॅट तेवढेच राहिले तर शून्य तपासा, टक्के तेवढेच राहिले तर सेटिंग तपासा. दोन्ही बदलत राहिले तर सेल, पाणी किंवा सैल बसवणी यांच्यापैकी काहीतरी आहे.

बिघाड आहे की नाही, हे आधी ठरवा

इथे खर्च नाही, हत्यार नाही, आणि बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

कॉम्प्युटरमध्ये पॉवरच्या सरासरीत शून्य धरायचं की वगळायचं, असं सेटिंग असतं. वगळलं असेल तर उतारावर पाय थांबलेला सगळा वेळ हिशेबातून जातो आणि सरासरी फुगते. पॉवरसाठी शून्य धरलेलंच असलं पाहिजे. रेकॉर्डिंग दर सेकंदाला ठेवा. कॉम्प्युटर जागा वाचवण्यासाठी मधले बिंदू गाळत असेल, तर पॉवरसारख्या सतत हलणाऱ्या आकड्याचं चित्र बिघडतं. पडद्यावर क्षणाक्षणाची पॉवर नाचते ती मीटर खराब आहे म्हणून नाही. पेडलच्या एका फेरीतही जोर वरखाली होतच असतो. ३ सेकंदांची सरासरी लावून बघा.

मग सेन्सरची यादी उघडा. घरात ट्रेनर असेल तर कॉम्प्युटर पेडलऐवजी ट्रेनरचीच पॉवर घेत असण्याची दाट शक्यता असते. पेडलवरचे वॅट चेनमधून मागच्या चाकापर्यंत जाताना २ ते ४ टक्के खर्च होतात, म्हणून ट्रेनर थोडा कमी दाखवतो आणि ते योग्यच आहे. शिवाय बहुतेक मीटर अधिक-उणे १ ते २ टक्के अचूकतेचे असतात. खरे २५० वॅट असताना एक २४५ आणि दुसरा २५५ दाखवत असेल, तर दोन्ही आपापल्या मर्यादेत आहेत. या दहा वॅटच्या मागे लागून कुणी मीटर उघडू नये.

एका बाजूच्या मीटरची आणखी एक गोष्ट. डावा पाय ५२ टक्के काम करत असेल तर दाखवलेला आकडा खऱ्यापेक्षा ४ टक्के जास्त असतो. आणि हे प्रमाण थकल्यावर, जोर बदलल्यावर बदलतं. तो त्या रचनेचा स्वभाव आहे, दुरुस्त करता येत नाही.

शून्य लावणं

ठरावीक वॅटची चूक आणि हळूहळू सरकणारा आकडा, या दोन्हींवर पहिला उपाय हाच. कॉम्प्युटरवर त्याला कॅलिब्रेशन म्हणतात, पण प्रत्यक्षात होतं एवढंच की क्रँकवर काहीही जोर नसताना मीटर जे वाचतो, ते शून्य धरलं जातं. त्या क्षणी जोर असेल तर तोही शून्यात जमा होतो.

यात होणारी चूक मी वारंवार पाहिली आहे. राइडच्या सुरुवातीला घाईत, एक पाय पेडलवर टेकलेला असतानाच बटण दाबलं जातं. १७० मिलिमीटरचा क्रँक आडवा असेल आणि पायाचा भार फक्त २ किलोचा असेल, तरी ३.३ न्यूटन-मीटर टॉर्क होतो. म्हणजे ९० कॅडेन्सला ३१ वॅट कमी, एका बाजूच्या मीटरवर ६० च्या वर. त्या दिवशी चढावर माणसाला वाटतं आपले पाय गेले.

सायकल सरळ उभी करा, दोन्ही पाय जमिनीवर ठेवा, क्रँक मीटरच्या माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे ठेवा (बऱ्याच मीटरना तो उभा लागतो) आणि हलवू नका. लागोपाठ तीनदा शून्य लावा आणि दर वेळी येणारा आकडा लिहा. आकडा किती आहे याला फारसा अर्थ नाही, प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. तीन आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, आणि आजचा आकडा गेल्या आठवड्याच्या आसपास असायला हवा. माझ्याकडे प्रत्येक मीटरसाठी एक वही आहे, तारीख, तापमान आणि आकडा एवढंच त्यात असतं. पुढे सर्व्हिसला पाठवायची वेळ आली की या वहीइतका पुरावा दुसरा नसतो.

तापमानाचं कारण समजून घ्या. क्रँकचा धातू, त्यावरचा गोंद आणि गेज हे तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात पसरतात. मीटर तापमान मोजून भरपाई करतो, पण तापमान भराभर बदलत असताना ती मागे पडते. उबदार खोलीतून सायकल पहाटेच्या गारठ्यात काढली आणि लगेच शून्य लावलं, तर तो शून्य खोलीचा असतो. सायकल बाहेर काढा, १० ते १५ मिनिटं चालवा, थांबून शून्य लावा. लांबच्या घाटाच्या पायथ्याशी आणि पुन्हा माथ्यावर लावायला हरकत नाही. काही मीटर पाय थांबल्यावर आपणहून शून्य लावतात. राइडमध्ये कधी पाय थांबतच नसेल, जसं ट्रेनरवर, तर त्यांनाही ती संधी मिळत नाही. दहा मिनिटांनी दोन क्षण पाय सोडा.

लांबी आणि इतर सेटिंग

पेडलमधला मीटर फक्त जोर मोजतो. टॉर्क काढायला त्याला क्रँकची लांबी तुम्ही सांगावी लागते. १६५ चा क्रँक असताना सेटिंगमध्ये १७२.५ असेल तर ४.५ टक्के जास्त दिसेल, २५० चे २६१. आजकाल लांब क्रँक काढून आखूड बसवणारे पुष्कळ आहेत आणि सेटिंग जुनंच राहतं. लांबी क्रँकच्या आतल्या बाजूला, पेडलच्या भोकाजवळ कोरलेली असते. तीच भरा. ॲपमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये दोन्हीकडे बघा, कारण काही कॉम्प्युटर जोडले गेले की आपल्याकडची लांबी मीटरला पाठवून ॲपमधली बदलून टाकतात.

स्केल फॅक्टर १०० टक्के किंवा १ असायला हवा. कुणीतरी कधीतरी "जुळवण्यासाठी" तो हलवलेला सापडतो.

दोन्ही पेडलचा मीटर अर्धा दाखवत असेल तर एक बाजू बंद पडली आहे. डावी-उजवीचं प्रमाण १००-० दिसतंय का बघा. मग सेलकडे या.

अंडाकृती चेनरिंग (क्रँकजवळचं दातेरी चक्र) असेल तर आणखी एक फरक येतो. काही मीटर एका फेरीत क्रँकचा वेग सारखाच राहतो असं धरतात. अंडाकृती चेनरिंगवर तो राहत नाही, आणि आकडा काही टक्के जास्त येतो. तुमच्या मीटरच्या ॲपमध्ये त्यासाठी वेगळं सेटिंग असेल तर चालू करा. नसेल तर निदान आकड्यांची तुलना जुन्या गोल चेनरिंगच्या दिवसांशी करू नका.

सेल

गोठलेले आकडे, मधेच शून्य, गारठ्यात बंद पडणं, एकच बाजू जाणं: सेल. मल्टिमीटरवर ३ व्होल्ट दिसले म्हणून सीआर २०३२ (नाण्यासारखा चपटा सेल) चांगला आहे असं धरू नका. ते भार नसतानाचं मोजमाप असतं. सेल जुना झाला की आतला रोध वाढतो, थंडीत आणखी वाढतो, आणि रेडिओने संदेश पाठवायच्या क्षणी व्होल्टेज कोसळतं. कॉम्प्युटरवर दिसणारी बॅटरीची टक्केवारी हाही अंदाजच. चांगल्या कंपनीचा ताजा सेल घाला. दोन्ही पेडल असतील तर दोन्हीकडचे एकदम बदला. एलआर ४४ (अल्कलाइन) मापाचे सेल लागत असतील तर एसआर ४४ (सिल्व्हर ऑक्साइड) घ्या, माहितीपत्रकात चालतो म्हटलं असेल तर. अल्कलाइनचं व्होल्टेज वापराबरोबर घसरत जातं, सिल्व्हर ऑक्साइडचं जवळजवळ शेवटपर्यंत टिकतं.

लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो. तो संपर्काच्या जागी आला तर नवा कोरा सेलही चालत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सेल आणि आतले पत्रे पुसा, बोटांचा तेलकटपणाही जातो. पत्रा दबलेला असेल तर प्लॅस्टिकच्या काडीने अगदी हलकेच वर घ्या. झाकणाची रबरी कडी चिरलेली किंवा पिळलेली असेल तर बदला. पाणी तिथूनच शिरतं. सेल काढून मिनिटभर थांबा, मग नवा घाला, म्हणजे आतली इलेक्ट्रॉनिक्स पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शून्य परत लावायला विसरू नका.

काढलेले सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर ठेवा. गिळलेला बटण सेल अन्ननलिका जाळतो आणि त्यासाठी तो भरलेला असावाच लागतो असं नाही.

रेडिओ

आकडे बरोबर आहेत पण मधे मधे तुटतात, तर हे बघा. मीटर आकडे पाठवतो त्या बिनतारी पद्धती, अँट प्लस आणि ब्लूटूथ, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि वायफायही. माणसाचं शरीर म्हणजे बहुतांश पाणी, ते या लहरी गिळतं. उजव्या मनगटावरचं घड्याळ आणि डाव्या क्रँकवरचा मीटर ही त्यासाठी वाईट जोडी आहे. घड्याळ हँडलवर लावून एक राइड करा, फरक पडला तर उत्तर मिळालं.

अँट प्लस एकाच वेळी कितीही उपकरणं ऐकू शकतात. ब्लूटूथवर मात्र बरेच मीटर एक-दोनच जोडण्या देतात, आणि ती जागा खिशातल्या फोनवरच्या ॲपने अडवलेली असते. फोनचं ब्लूटूथ बंद करून बघा. ट्रेनरवर संगणकाला डाँगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) लावत असाल तर तो संगणकाच्या मागे, यूएसबी ३ च्या शेजारी ठेवू नका. त्या जोडणीचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो. एक लांब वायर घेऊन डाँगल क्रँकजवळ आणा.

तरीही तुटत असेल तर सेन्सर यादीतून काढून पुन्हा जोडा, आणि दोन्हीकडचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. महत्त्वाच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री मात्र करू नका.

उड्या

पॉवर टॉर्क आणि कॅडेन्सच्या गुणाकारातून येते, म्हणून खोट्या उडीची फाइल उघडली की आधी कॅडेन्सची रेघ बघा. खरे २५० वॅट आणि ९० कॅडेन्स असताना मीटरने कॅडेन्स २२० वाचला, तर तो ६११ वॅट दाखवणार. खडबडीत रस्त्याच्या धक्क्यांना मीटरमधला ॲक्सिलरोमीटर (हालचाल ओळखणारा सेन्सर) फेऱ्या समजतो, विशेषतः कॅडेन्स कमी असताना. फ्रेमला चुंबक लावणारा मीटर असेल तर चुंबक जागेवर आहे का, क्रँक त्याच्या पुरेसा जवळून जातो का ते बघा.

यावर वेगळा कॅडेन्स सेन्सर विकत घ्यायचा सल्ला दिला जातो. त्याने पडद्यावरचा कॅडेन्स सुधारेल, वॅट सुधारणार नाहीत, कारण मीटर वॅटचा हिशेब आपल्याच कॅडेन्सवर करून पाठवतो. तो खर्च वाचवा.

बसवणी

आता हत्यार लागतं, आणि टॉर्क रेंच नसेल तर इथून पुढचं दुकानात करून घ्या.

पेडल साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटरने आवळलेलं असावं. तुमच्या पेडलच्या माहितीपत्रकातला आकडा शेवटचा. सैल पेडल जोराखाली किंचित बसत जातं आणि आकडे दर राइडला थोडे बदलतात. नव्याने बसवल्यावर चार-पाच जोरदार स्प्रिंट मारा, पुन्हा आवळा, मग शून्य लावा. पेडलचा इलेक्ट्रॉनिक्सचा भाग क्रँकला घासत नाही ना, तेही बघा.

डाव्या क्रँकवर आडवे दोन स्क्रू असलेली रचना असेल तर ते आलटून पालटून १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे. एकच घट्ट आणि दुसरा सैल, असं फार वेळा सापडतं. हे फक्त आकड्याचं प्रकरण नाही, सैल क्रँक चालत्या सायकलवरून निघून येतो. स्पायडरमधला (क्रँकला चेनरिंग जोडणाऱ्या भागातला) मीटर असेल तर चेनरिंगचे बोल्ट समान आवळा. त्यांचा ताण थेट गेजपर्यंत पोहोचतो, म्हणून चेनरिंग बदलल्यावर शून्याचा आकडा सरकतो. तो नवा आकडा स्थिर राहिला तर काळजी नाही.

क्रँक स्वच्छ पुसून नीट बघा. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये ११ गिअरच्या पिढीतले, भाग चिकटवून जोडलेले, होलोटेक २ नावाचे काही क्रँक तपासणीसाठी परत मागवले. जुलै २०१९ च्या आधी बनलेले अल्टेग्रा ६८०० आणि आर ८०००, ड्युरा-एस ९००० आणि आर ९१०० हे मॉडेल त्यात आहेत, आणि पॉवर मीटरसह येणारा आर ९१००-पी सुद्धा. त्यांचे चिकटवलेले भाग सुटू शकतात. असा क्रँक असेल आणि आकडे कारणाशिवाय भरकटू लागले असतील, तर जोडाची रेघ आधी तपासून घ्या, मीटरचं नंतर बघू.

वजन टांगून आणि चढावर

चूक टक्क्यांत आहे आणि सेटिंग बरोबर आहेत, तर शेवटची घरगुती परीक्षा म्हणजे वजन. कॉम्प्युटरवर किंवा ॲपमध्ये टॉर्क दिसत असेल तरच हे करता येतं. नेमकं माहीत असलेलं वजन हवं, जिमच्या थाळीवर छापलेला आकडा चालत नाही. खात्रीच्या काट्यावर तोला. मागचा ब्रेक दाबून क्रँक आडवा धरा, पेडलच्या मध्यावर वजन टांगा. २० किलो आणि १७२.५ मिलिमीटर असेल तर ३३.८ न्यूटन-मीटर आले पाहिजेत. तीनदा करा. दर वेळी सारखाच फरक आला आणि तो २ टक्क्यांच्या वर असेल, तर गेजचं मूळ मोजमाप सरकलं आहे. काही कंपन्या ते घरी सुधारू देतात. स्केल फॅक्टर फक्त इथे, या पुराव्यानंतर वापरायचा.

टॉर्क दिसत नसेल तर वारा नसलेल्या दिवशी एकसारखा चढ शोधा. सायकलसकट ८० किलो वजन ८ टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने न्यायला सगळं धरून १९० ते १९५ वॅट लागतात. मीटर तिथे १५० किंवा २४० दाखवत असेल तर तो चूक आहे. १८५ आणि २०० मधला निवाडा मात्र या पद्धतीने करू नका.

इथे थांबा

मीटरच्या कवचाच्या आत पाण्याचे थेंब किंवा वाफ दिसली, सेलच्या जागी हिरवा गंज पसरला, ताज्या सेलवर आणि स्थिर तापमानातही लागोपाठचे तीन शून्य एकमेकांपासून लांब आले, किंवा दोन्ही पेडलपैकी एक बाजू सेल बदलूनही उठत नाही, तर पुढे जाऊ नका. कवच उघडू नका, गरम हवेने वाळवू नका. गेज कारखान्यात ठरावीक उष्णतेत चिकटवून, वजनं टांगून जुळवलेला असतो. तो घरी पुन्हा तसा बसत नाही आणि वॉरंटीही जाते.

क्रँकवर तडा, जोडाच्या रेघेत फट, पेडलच्या अक्षात खेळ किंवा जोर लावल्यावर नवा कटकट आवाज येत असेल, तर मेकॅनिकने बघेपर्यंत त्या सायकलवर बसूच नका.

सर्व्हिसला पाठवताना सोबत द्या: तारीख-तापमानासह शून्याचे आकडे, वजन टांगून आलेले तीन टॉर्क, फर्मवेअरची आवृत्ती, सेल कधी बदलला ते, आणि बिघाड स्पष्ट दिसणारी एक मूळ राइड फाइल, कापलेली नाही. सेल काढून वेगळा ठेवा.